पदकानंतरचा सत्कार राहू दे, स्पर्धेआधीचे दहा दिवस द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात खेळाच्या पानावर अगदी खाली कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती, की बाहेरदेशी झालेल्या विंडसर्फिंगच्या स्पर्धेत आपली पोरं मागे पडली. का पडली, तिथं किती दिवस आधी पोचली होती, कुणाच्या बोर्डवर खेळली, यातलं काहीच नव्हतं. तुमचा दोष नाही, जेवढं येतं तेवढंच छापलं जातं हे कळतं. पण मी त्याच वाटेने एकदा जाऊन आलोय आणि येत्या जानेवारीत परत जायचंय, त्यामुळे त्या चार ओळी डोक्यातून जाईनात, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, काटछाट केलीत तरी चालेल पण दहा दिवसांचा जो मुद्दा आहे तेवढा ठेवा.

मी मूळचा मालवणचा, गेली अकरा वर्षं गोव्यात पोरांना विंडसर्फिंग शिकवतो. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, एक फळी असते, तिलाच बोर्ड म्हणतात, तिच्यावर सगळीकडे वाकणाऱ्या सांध्यावर डोलकाठी बसवलेली, तिला शीड आणि शिडाला आडवी दांडी, तिला बूम म्हणतात. बूम दोन्ही हातांनी धरून वारा शिडात घ्यायचा आणि फळी पळवायची. सुकाणू नाही. शीड पुढे झुकवलं की फळी वाऱ्यापासून लांब वळते, मागे झुकवलं की वाऱ्याच्या तोंडावर येते. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९८४ पासून आहे, बायकांसाठी १९९२ पासून, आणि आपल्याला अजून नवा वाटतो.

माझी भाची सतरा वर्षांची आहे, यंदा अकरावीला. मागच्या जानेवारीत तिला घेऊन फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटावर गेलो होतो, तिथं विंडसर्फिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा बऱ्याच वर्षांपासून होतात. बेट केवढंसं, लांबी सात किलोमीटर आणि कमरेत जेमतेम एक किलोमीटर रुंद, एका किनाऱ्यावरून चालत दुसऱ्या किनाऱ्यावर जायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ. पश्चिमेचा पांढऱ्या वाळूचा किनारा सगळ्यांना फोटोतून माहीत असतो, पण आमचं काम पूर्वेच्या बुलाबोग किनाऱ्याशी. नोव्हेंबर ते एप्रिल ईशान्येकडून वारा येतो, त्याला तिथले लोक अमिहान म्हणतात, आणि जून ते ऑक्टोबर नैर्ऋत्येकडून येतो तो हबागात, म्हणजे आपला पावसाळी वाराच म्हणा. अमिहान बुलाबोगवर थेट येऊन आदळतो. किनाऱ्यापासून थोडं बाहेर प्रवाळाची रांग आहे, मोठ्या लाटा तिथंच फुटतात आणि आतलं पाणी सपाट राहतं. सपाट पाणी आणि कडक वारा, वेगासाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडायची नाही.

तिथं मासेमारीच्या आणि शिडाच्या होड्यांना दोन्ही बाजूंनी उलांडी असते, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेला आधाराचा ओंडका, शिडाच्या होडीला पाराव म्हणतात. आमच्याकडे होडीला एकाच बाजूला उलांडी. भाचीने फोटो काढून आजोबांना पाठवला, म्हणजे माझ्या बाबांना, त्यांनी जन्मभर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आणि होडीवर काढलेलं, त्यांचा लगेच फोन, "दोन उलांड्यो कित्याक गो?" आणि मग आजोबा नात अर्धा तास त्याच्यावर बोलत होते.

आता मुख्य गोष्ट. आम्ही स्पर्धेच्या दोन दिवस आधी पोचणार होतो. तेवढेच पैसे होते, जास्त दिवस राहायचा खर्च झेपत नव्हता. मुंबईहून निघालो, मधे एका ठिकाणी विमान बदललं, मनिलाला उतरलो, तिथून छोटं विमान पकडून काटिक्लान आणि तिथून बांका म्हणजे त्यांची मोटारहोडी. मधल्या एका काउंटरवर आमची बोर्डची बॅग अडवली. लांबी जास्त म्हणे. आधी ईमेल करून परवानगी घेतली होती, पैसे भरले होते, पावती हातात होती, तरी काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की आज मागच्या पोटात जागा नाही, पुढच्या विमानाने पाठवतो. कंपनीचं नाव घेत नाही कारण हे कुठल्याही कंपनीत होतं, फळी अडीच मीटरच्या वर, डोलकाठीचे दोन तुकडे प्रत्येकी सव्वादोन मीटरच्या आसपास, हे सामान कुठल्या नियमात बसवायचं ते त्या पोरांनाही माहीत नसतं. बॅग आम्ही पोचल्यापासून तिसऱ्या दिवशी, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी, संध्याकाळी आली. तोपर्यंत त्या दिवसाच्या सगळ्या रेस संपल्या होत्या आणि भाचीने त्या भाड्याच्या बोर्डवर खेळल्या होत्या.

भाड्याचा बोर्ड वाईट नव्हता, पण तिच्या पायाचा नव्हता. पाय अडकवायचे पट्टे दुसऱ्या अंतरावर, बूमची उंची वेगळी, हार्नेसच्या दोऱ्या लांब. हार्नेस म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा, त्याचा हुक बुमेवरच्या दोरीत अडकवतात म्हणजे शिडाची ओढ हातावर न येता अंगाच्या वजनावर येते. दोरी दोन इंच मागेपुढे झाली तरी एका हातावर जास्त ताण येतो. पहिल्या रेसनंतर पोरगी किनाऱ्यावर आली तेव्हा तिची उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती. मी एकेक बोट धरून सरळ केलं. तळव्यावर चार फोड, त्यातले दोन फुटलेले, आणि त्याच्यावर खारं पाणी. रडली नाही. म्हणाली, मामा दोरी मागे घे आणि टेप दे, दुसऱ्या रेसला अठरा मिनिटं आहेत.

आणि वारा. गोव्यात आम्ही सराव करतो तो दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधारण बारा साडेबाराला वायव्येकडून सुरू होतो, चांगल्या दिवशी दहा बारा नॉट, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आसपास, आणि सूर्य कलला की संपतो. सकाळी मतलई वारा असतो तो नुसता शिडाला झुलवतो. बुलाबोगला सकाळी सात वाजता खोलीच्या बाहेर आलो तर माडाच्या झावळ्या एका बाजूला सरळ झाल्या होत्या, अठरा वीस नॉट, आणि ते दिवसभर. वाचणाऱ्यांना वाटेल दहाचे वीस झाले म्हणजे दुप्पट. तसं नसतं हो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की त्याच शिडावरची ओढ चौपट. ज्या पोरीने वर्षभर दहा नॉटमध्ये साडेसात चौरस मीटरचं शीड धरलंय तिला एका रात्रीत पाच पॉइंट आठचं लहान शीड घेऊनही जवळजवळ तिप्पट ओढीची सवय कशी होणार? ती सवय अंगाला लागायला दिवस लागतात, आणि ते दिवस त्याच पाण्यावर घालवावे लागतात, पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ बघून ते येत नाही, मी दोन्ही करून बघितलंय.

तिसऱ्या दिवशी स्वतःचा बोर्ड आला आणि चौथ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, तिने एका रेसमध्ये पहिल्या मार्कपर्यंत, म्हणजे जिथं वळायचं त्या पहिल्या बोयापर्यंत, सहा जणींना मागे टाकलं. सहा! चौथ्या दिवशी. ज्या दिवशी तिला त्या पाण्याची ओळख पटली त्या दिवशी स्पर्धा संपली. एकूण क्रमांक खालचाच आला आणि घरी आल्यावर सगळ्यांनी क्रमांकच विचारला. त्या परतीच्या होडीत मी ठरवलं की पुढच्या वेळी दहा दिवस आधी पोचायचं, नाहीतर जायचंच नाही.

दहा दिवस का, ते सांगतो, कारण हा आकडा हवेतून काढलेला नाही. एक म्हणजे भरती ओहोटी. बुलाबोगला ओहोटीला प्रवाळाच्या आतलं पाणी इतकं उतरतं की लांब फिन, म्हणजे फळीखालचं पातं, गवतात नाहीतर दगडात लागतं आणि फळी जागच्या जागी थांबते, माणूस शिडासकट पुढे फेकला जातो. उधाणाला, म्हणजे अमावस्या पौर्णिमेच्या मोठ्या भरती ओहोटीला, किती पाणी उतरतं आणि भांगेला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती ओहोटीला, किती राहतं हे बघायचं तर उधाण आणि भांग दोन्ही तिथं बघायला हवीत, आणि त्या दोघांमध्ये सात आठ दिवसांचं अंतर असतं हे कोकणातल्या कुठल्याही नाखव्याला विचारा. दुसरं म्हणजे जेट लॅग नाही, अडीच तासांचाच फरक आहे, पण ऊन आणि दमटपणा. आपण कोकणातले, आपल्याला ऊन काय नवीन असं वाटतं, पण वारा इतका असतो की घाम अंगावर दिसतच नाही, लगेच सुकतो, आणि पोरं पाणी प्यायची विसरतात. मागच्या वेळी भाचीच्या पोटऱ्यांत गोळे आले ते ह्यामुळे. यंदा सकाळी उकड्या तांदळाची पेज मीठ घालून आणि दर रेसनंतर अर्धा लिटर मीठसाखरेचं पाणी, हे मी लिहूनच ठेवलंय. आणि तिसरं, बॅग तीन दिवस उशिरा आली तरी सात दिवस हातात राहतात.

तयारी जुलैपासून चालू आहे. पावसाळ्यात समुद्रावर जाता येत नाही, १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते, तेव्हा मालवणला घरामागच्या फणसाच्या झाडाला जुनी बूम टांगली, खाली फळीचा तुकडा ठेवला, आणि भाची रोज संध्याकाळी हार्नेस लावून त्याला लटकते, आधी पाच मिनिटं जमायचं आता पंचवीस. ऑगस्टनंतर रविवारी आजोबांच्या जुन्या लोकांबरोबर रापण ओढायला जाते. ज्यांनी रापण ओढलीय त्यांना माहितीय, वाळूत टाच रोवून, पाठ ताठ ठेवून, मागे झुकून अंगाचं वजन दोरीवर टाकायचं, हाताने ओढायचं नाही. विंडसर्फिंगमध्ये अगदी हीच पोझ लागते, हीच! जिममध्ये मी तिला दोन वर्षं जे शिकवत होतो ते तिला रापणीवर दोन रविवारात कळलं.

वारा वाचायलाही ती आजोबांकडूनच शिकतेय. बाबा आता होडीवर जात नाहीत, गुडघे गेलेत, पण किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसतात आणि लांबून ओरडतात, "वारो झाडार नको बघू, पाण्यार बघ!" झाडावरचा वारा म्हणजे तुझ्या मागचा, तो होऊन गेला. पाण्यावर काळपट चट्टा सरकत येतो तो पुढचा झोत, तो अंगावर यायच्या आधी दोन सेकंद गुडघे वाकवायचे आणि शीड थोडं सोडायचं. हे मी पोरांना इंग्रजी शब्द वापरून शिकवत होतो, बाबांनी एका वाक्यात सांगितलं.

आणि स्टार्ट. रेसची सुरुवात म्हणजे निम्मी रेस. पाच मिनिटांचा इशारा, मग चार मिनिटांचा, मग एक मिनिट आणि मग स्टार्ट, आणि सगळ्या बोर्ड हलत्या असतात, रेषेच्या मागे राहून नेमक्या सेकंदाला पूर्ण वेगात रेषेवर यायचं. एक सेकंद आधी गेलात तर परत फिरून यावं लागतं. आम्ही जाळ्याचे दोन थर्मोकॉलचे बोये नांगरून रेषा करतो, मी होडीत शिट्टी आणि घड्याळ घेऊन बसतो, आणि दिवसात पंधरा वीस वेळा फक्त स्टार्ट. कंटाळवाणं काम आहे, बघायला कोणी येत नाही.

एवढं सगळं घरच्या घरी होतं. पण घरच्या घरी न होणारी एकच गोष्ट आहे ती म्हणजे ते दहा दिवस. दोघांचा सगळा खर्च तीन लाखांच्या घरात जातो, विमान, जादा सामानाचे पैसे, राहणं, बचाव होडीचं भाडं. त्यातला निम्मा मी आणि बहिणीने जमवलाय. उरलेल्यासाठी एका कार्यालयात गेलो, नाव लिहीत नाही. साहेब चांगले बोलले, चहा दिला, आणि म्हणाले निकालपत्र घेऊन या, पदक असेल तर बक्षिसाची तरतूद आहे. म्हणजे पदक मिळाल्यावर पैसे. साहेबांवर राग नाही माझा, त्यांच्यापुढे जो कागद आहे त्यात तसंच लिहिलंय. पण तो कागद बदलायला हवा. पदक मिळालेल्या पोराला पैशांची गरज कमी असते, तेव्हा सगळेच देतात. गरज असते ती डिसेंबरात, जेव्हा तिकीट काढायचं असतं आणि पोरीचं नाव कुणाला माहीत नसतं.

कोणी म्हणेल आपल्याकडून कुठे होणार आहे हे. मग २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मध्य प्रदेशातून आलेल्या इबाद अलीने आरएसएक्स नावाच्या बोर्डच्या विंडसर्फिंगमध्ये कांस्य आणलं ते कसं? मध्य प्रदेशाला समुद्र नाही हो. भोपाळच्या तलावावर शीड शिकवणारी संस्था आहे आणि तिथं पोरांना बोर्ड मिळतात, होड्या मिळतात, शिकवणारे मिळतात. आपल्याकडे सातशे किलोमीटरच्या वर किनारा आहे. गोव्याच्या कात्या कुएल्होसारख्या मुली स्वतःच्या घरच्यांच्या जोरावर देशासाठी खेळल्या, तिच्यामुळे माझ्याकडे मुली शिकायला येतात हे मी स्वतः बघतो.

आणि बेटांचं बघा. हाँगकाँगजवळ च्युंग चाऊ म्हणून एक मासेमारांचं छोटं बेट आहे, तिथली ली लाय-शान काकांकडे विंडसर्फिंग शिकली आणि १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण घेऊन आली, हाँगकाँगचं पहिलंच ऑलिम्पिक सुवर्ण. कॅरिबियनमधल्या बोनेअरला लॅक बे म्हणून कमरेएवढ्या पाण्याचा उथळ उपसागर आहे, व्यापारी वारा जवळजवळ वर्षभर, तिथली टॅटी आणि टाँकी फ्रान्स, किरी टोडे ही पोरं जगातल्या पहिल्या ओळीत जाऊन बसली. शेजारच्या अरुबाची सारा-किटा ऑफ्रिंगा तर किती वेळा जगज्जेती झाली. ह्या सगळ्यांना एक गोष्ट फुकट मिळाली, ती म्हणजे पाणी. रोज शाळा सुटली की त्याच पाण्यावर, त्याच वाऱ्यात. आपल्या पोरांना ते पाणी घरी नाही, ते दहा दिवसांसाठी विकत घ्यावं लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. ज्या खेळाडूची प्रवेशिका स्वीकारली गेलीय आणि ज्याने वर्षभर सराव केल्याचं प्रशिक्षक लिहून देतो त्याला तिकीट आणि दहा दिवसांचं राहणं स्पर्धेच्या आधी द्यावं, नंतर बिलं मागा, हिशेब मागा, खोटं निघालं तर वसूल करा. बक्षिसाची रक्कम त्यासाठी थोडी कमी केलीत तरी पोरं तक्रार करणार नाहीत, मी विचारलंय त्यांना. दुसरं, आपल्या विमानतळांवर ह्या लांब सामानासाठी काहीतरी एक ठरलेला नियम हवा, लेखी, जो काउंटरवरच्या माणसाला दाखवता येईल. आणि जाताना कस्टममध्ये सामान दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं असतं, म्हणजे परत येताना स्वतःच्याच बोर्डवर ड्युटी भरा असं कोणी म्हणत नाही, हे मला एका वयस्कर सेलरने सांगितलं म्हणून कळलं, ज्या पालकांची पोरं पहिल्यांदा जाणार असतील त्यांनी हे जरूर करावं, विमानाच्या वेळेआधी दोन तास जास्त धरा.

तुम्हालाही एक विनंती. जानेवारीत निकाल छापाल तो छापाच, पण त्याआधी एकदा तुमचा बातमीदार मालवणला पाठवा, रविवारी सकाळी, रापण असते तेव्हा. बाबा खुर्चीवर असतातच, त्यांना बोलायला आवडतं. आणि वाचकांपैकी कुणाकडे ४३० सेंटिमीटरची कार्बनची डोलकाठी पडून असेल, जुनी असली तरी चालेल, वरच्या तुकड्याला चीर नको एवढंच, तर मला कळवा, माझा पत्ता तुमच्या कार्यालयात दिलेला आहे. आमची एक आहे ती मागच्या वेळी बोराकायला शेवटच्या रेसनंतर किनाऱ्यावर वाऱ्याने उलटून दगडावर पडली, वरून काही दिसत नाही पण उन्हात धरलं की केसाएवढी रेष दिसते, आणि वीस नॉटमध्ये मी पोरीला त्या काठीवर पाठवणार नाही.

आपला नम्र,
एक विंडसर्फिंग प्रशिक्षक
मालवण, सध्या गोवा